पंखा गुरूंचं सूत

बापूरावांकडे पंखा घ्यायला गेलं की ते आधी गिऱ्हाइकाला झोपायला सांगत. बनारसमध्ये दुर्गाघाटाच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकानात काउंटर नव्हता, खाट होती. तिच्यावर धुतलेली सतरंजी आणि एक पातळ उशी. माणूस आढेवेढे घेत आडवा झाला की बापूराव पंखा चालू करत, खिशातून वीतभर पांढरं सूत काढत आणि त्याच्या नाकासमोर धरत. सूत धरताना स्वतःचा श्वास रोखून ठेवत. सूत माणसाच्या श्वासाने पुढेमागे झालं तर ठीक. पंख्याच्या वाऱ्याने थरथरलं, तर तो पंखा नापास. "वारा अंगावरून गेला पाहिजे, तोंडावर नाही आला पाहिजे," म्हणत ते दुसरा पंखा काढत.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. असले प्रकार मला झेपत नाहीत. पहिल्याच दिवशी मी त्या खाटेकडे पाहून म्हटलं, की मी काही मेलेली नाही. बापूराव शांतपणे म्हणाले, "म्हणून तर सांगतो, वहिनी. पंखा जिवंत माणसावरच तपासता येतो." मी झोपले नाही, पण उठून बाहेरही पडले नाही.

बनारस सोडून मला दोन वर्षं झाली. तिथली माणसं हळूहळू पुसट होत चालली आहेत, बापूराव मात्र नाहीत. अंगाने काटकुळे, पांढरी बंडी, कानावर पेन्सिल. त्यांच्या घराण्यात पाच पिढ्या काशीत पूजापाठ चालत आलेला. वडील याज्ञिक, चुलते याज्ञिक, आणि हे एकटे तारा जोडण्याच्या नादी लागलेले. गल्लीतले लोक त्यांना 'पंखा गुरू' म्हणत. त्यांची मराठी घरातलीच, जुन्या वळणाची, पण तिच्यात हिंदी अशी मिसळलेली की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "हवेला आधी रस्ता द्या, मग पंखा खरीदा, नाहीतर सगळं फजूल," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं म्हणजे, "अच्छा पंखा वीज गेल्याचं लगेच मनावर घेत नाही." बटण बंद केल्यावर पाती किती वेळ फिरत राहतात, ते पाहून ते पंख्याची जात ठरवत.

दुकानात वरच्या फळीवर सात-आठ पंखे एका बाजूला ठेवलेले असत. खाली विकायचे पंखे बंद आणि वरचे चालू. काशीला मरण यावं म्हणून येऊन राहणाऱ्या लोकांच्या खोल्यांतून बापूराव पंखे बसवत, आणि माणूस गेला की घरचे लोक पुष्कळदा तो पंखा परत आणून देत. असा पंखा ते विकत नसत. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "थोडे दिवस फिरू देतो. सवय मोडेपर्यंत." कोणाची सवय, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. त्या फळीवरचा वारा कोणाच्याच अंगावर येत नव्हता, सगळ्या पंख्यांची तोंडं भिंतीकडे होती.

आमचं काम वेगळंच होतं. माझे यजमान, वसंतराव, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला टेकले. जिना चढवत नव्हता, बोलताना मध्येच थांबावं लागे. त्यांचा जन्म कृष्णाकाठच्या एका खेड्यातला. त्यांनी एकच धोशा लावला, की मला एकदा गावची नदी बघायची आहे. आगगाडीतली गर्दी आणि धूळ डॉक्टरांना नको होती, विमानाचं तर नावच नको. शेवटी वसंतरावांनी अंथरुणातूनच फोन करून जीपमागे ओढायचा एक जुना ट्रेलर शोधून काढला. आत पलंग, ओटा, दोन खिडक्या. सारनाथच्या रस्त्याला एका ओळखीच्या आमराईत तो आणवून उभा करवला. बाहेरून छान दिसे, पण चैत्रातल्या दुपारी आत पाय ठेवला की तापलेल्या कढईत उतरल्यासारखं वाटे. गारव्याचं यंत्र चालवायचं तर जनरेटर हवा, आणि जनरेटरचा धूर म्हणजे वसंतरावांना विष. राहिले पंखे, तेही बॅटरीवर दिवसरात्र चालतील असे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बंद कोंदट हवेत हे दोन दिवसही काढणार नाहीत. ते गावाला पोचतात की वाटेतच जातात, हे आता पंख्यांवर येऊन ठेपलं होतं.

बापूरावांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पंखा खाली ठेवला. मग म्हणाले, "दुनिया मरायला काशीत येते, वहिनी. आणि तुम्ही माणूस काशीतून बाहेर घेऊन चाललात." पण दुसऱ्याच दिवशी ई-रिक्षात पंख्यांची गोणी टाकून ते आमराईत हजर झाले.

त्यांनी आठ दिवस लावले. ट्रकवाले लावतात तो पंखा पहिल्याच तासात बाद झाला, कारण तो वारा कमी आणि आवाज जास्त करत होता. संगणकाच्या पेटीतले चिमुकले पंखे वीज अगदी थोडी खात, पण त्यांचा वारा हातभर अंतरावर संपे. एकेक पंखा ते सबंध दिवस बॅटरीवर चालवत आणि तारेला चिमटा लावून किती वीज ओढतो ते कानावरच्या पेन्सिलीने पत्र्यावर लिहीत. मी गणितवाली, म्हणून बेरजा माझ्याकडे. दोनदा माझी बेरीज चुकली आणि त्यांनी ती न हसता दुरुस्त केली, हे मला आजही थोडं लागतं.

शेवटी तीन पंखे ठरले. एक सावलीकडच्या खिडकीत खाली, बाहेरची हवा आत घेणारा. दुसरा छताच्या झरोक्यात, आतली तापलेली हवा बाहेर टाकणारा. "यायला एक दार, जायला दुसरं. नुसता आत घेणारा लावाल तर घर घुसमटतं," ते म्हणाले. तिसरा पलंगाच्या पायथ्याशी, लांब मानेचा. त्यासाठी त्यांनी वसंतरावांना पलंगावर झोपवलं. वसंतरावांना या सगळ्याची फार गंमत वाटत होती. हात छातीवर घेऊन, डोळे मिटून ते अगदी तसे पडले. बापूरावांनी खिशातलं सूत काढून त्यांच्या नाकासमोर धरलं आणि आपला श्वास रोखला.

सूत जेमतेम हललं. एवढंसं पुढे, एवढंसं मागे. वसंतरावांचा श्वास किती थोडा उरला होता, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी बाहेर येऊन आंब्याखाली उभी राहिले.

पंख्याची मान मनासारखी लागल्यावर बापूरावांनी स्क्रू आवळला आणि सांध्यावर लाल रंगाचा एक आडवा ठिपका दिला, म्हणजे मान कोणी हलवली तर ठिपका तुटून कळावं. मग उशीच्या वर एक खिळा ठोकून त्यांनी ते सूत तिथे टांगलं, नाकापासून चार बोटांवर. मी म्हटलं, हे असलं अभद्र काही मला माझ्या घरात नको. वसंतराव तोवर खरोखरच झोपी गेले होते. बापूराव मला बाहेर घेऊन आले आणि आंब्याच्या मुळावर बसले.

"माझे वडील गेले ते असेच दुपारी," ते म्हणाले. "बाकी सगळे खाली जेवायला बसलेले. मी उशाशी. गरमी होत होती म्हणून मी पंखा त्यांच्या तोंडावर लावला होता. आपल्यात श्वास आहे का ते सूत धरून बघतात ना, तसं मी बघत होतो, आणि सूत हलत होतं. मी बोलत राहिलो. याज्ञिकी सोडली म्हणून बोलणं बंद होतं आमचं चार साल, तर तेही सगळं बोलून टाकलं. शाम झाली. मग वीज गेली. पंखा थांबला आणि सूतही थांबलं. हात लावून पाहिला तर पाय लाकूड झाले होते, वहिनी. कधीचे."

मी ट्रेलरच्या दारातून आत टांगलेल्या सुताकडे पाहिलं.

"पंख्याची चूक नव्हती. मी चुकीचा लावला," ते म्हणाले. "तेव्हापासून कोणाच्याही तोंडावर पंखा लावत नाही. माणसाला खरं कळलं पाहिजे. हे सूत काढू नका."

मी सूत काढलं नाही.

अक्षय तृतीयेनंतर आम्ही निघालो. जीप माझा भाचा श्रीधर चालवत होता. पहाटे निघायचं, ऊन चढलं की झाड बघून थांबायचं. बापूरावांचे पंखे एक क्षणभरही थांबले नाहीत. छतावरून गरम हवा निघून जाई, खालून बऱ्यापैकी गार हवा येई आणि वसंतरावांच्या चादरीची कड हळूहळू हलत राही. गाडी थांबली की सूत मात्र स्थिर, फक्त त्यांच्या श्वासापुरतं हलणारं. मी दिवसातून पन्नासदा त्याच्याकडे पाहत होते. कधीकधी मला वाटे, वसंतराव सुताला धरून चालले आहेत, ते सोडलं की संपलं.

आम्ही पोचलो. सहाव्या दिवशी श्रीधरने ट्रेलर नदीकाठच्या वडाखाली लावला, दार नदीच्या बाजूला. वसंतरावांनी दोन दिवस पडल्या पडल्या कृष्णा पाहिली. पाणी आटलं होतं, मधले खडक उघडे पडले होते. त्या प्रत्येक खडकाचं नाव त्यांनी मला थांबत थांबत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जेवण झालं आणि श्रीधर औषध आणायला कऱ्हाडला गेला. मी ओट्याशी भांडी विसळून वळले तर सूत सरळ लोंबत होतं. मी जवळ गेले. सूत किंचित हललं आणि मला हायसं वाटलं. मग ध्यानात आलं, की तो माझाच श्वास आहे. मी श्वास रोखला. सूत थांबलं. मी जितका वेळ रोखू शकत होते तितका वेळ रोखला, आणि ते थांबलेलंच राहिलं.

पंखे तसेच चालले होते. चादरीची कड हलत होती. त्या एवढ्याशा घरात सगळं हलत होतं, ते सूत सोडून.

बापूरावांच्या कृपेने मी फार वेळ फसले नाही. आणि त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला, की सांगता सोय नाही. मला खरं नको होतं. मी पायथ्याशी गेले, दोन्ही हातांनी त्या पंख्याची मान धरली आणि जोर लावून वसंतरावांच्या तोंडाकडे वळवली. सूत थरथरायला लागलं. मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "अहो, सकाळी चहाला उशीर केला म्हणून रागावलात ना?" मग बोलतच राहिले. अडतीस वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते, आणि जे हजारदा बोलून झालं होतं तेही. त्यांचे केस वाऱ्याने कपाळावर उडत होते, ते मी दोनदा सारखे केले. जीपचा आवाज आला तेव्हा ऊन दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. श्रीधरलाही नाही, मुलीलाही नाही. सगळं आटोपल्यावर मुलीकडे साताऱ्याला कायमचं राहायचं ठरलं, म्हणून बनारसचं घर आवरायला गेले आणि तो पायथ्याचा पंखा पिशवीत घालून दुर्गाघाटाला गेले. गल्लीत नदीकडून वारा वर येत होता. दुकानात वरची फळी नेहमीसारखी फिरत होती.

मी पंखा खाटेवर ठेवला आणि म्हटलं, फार छान चालला, तुमच्यामुळे ते पोचले. बापूरावांनी आधी पाती पुसली, बोटाने फिरवून पाहिली. मग मान पाहिली. लाल ठिपका मधोमध तुटला होता. अर्धा वर, अर्धा बाजूला. त्यांनी अंगठा त्याच्यावर फिरवला.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दोन तास असतील," मी म्हटलं. "कळलं होतं मला. कळल्यावर वळवला."

स्टुलावर चढून त्यांनी फळीवर जागा केली, पंखा ठेवला, तारा जोडल्या. पाती फिरायला लागली. त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. माझ्याकडे पाठ होती आणि एक हात अजून पंख्यावरच.

"त्या दिवशी वीज गेली नव्हती, वहिनी," ते म्हणाले. "पंखा मीही कळल्यावरच वळवला होता. बटणही मीच बंद केलं, शाम झाल्यावर. लोकांना चूक म्हणून सांगतो. चूक म्हटली की ऐकून घेतात."

मग ते खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं आणि मला चहा विचारला. मी हो म्हटलं. चहा येईपर्यंत आम्ही दोघं त्या खाटेवर बसून वरच्या फळीकडे बघत होतो.