हळू आवाजातली संध्याकाळ

सहकारनगरच्या एका गल्लीत, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर ते हॉटेल आहे. आठ टेबलं. फाटकावर पाटी: ‘बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. आग्रह करू नये.’ ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला राग आला होता. आमची मुलगी सात वर्षांची, आणि तिला घेतल्याशिवाय आम्ही कुठं जेवायला जात नव्हतो. पण माझ्या नणंदेनं मनावर घेतलं. त्या विश्रांतवाडीला राहतात. एका शनिवारी दुपारीच त्या आमच्याकडे धायरीला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, की पोर माझ्याजवळ राहील, तुम्ही दोघं जेवून या.

मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. दीड वर्षाची असताना ते कळलं, दोन वर्षांची असताना ऑपरेशन झालं आणि कानामागं मशीन बसलं. मशीन बसलं म्हणजे लगेच सगळं समजायला लागतं असं नसतं. थेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, की तिच्याशी सतत बोला. पाणी ओतताना सांगा पाणी ओततेय, दार लावताना सांगा दार लावतेय. ओरडू नका, पण शब्द सुटा सुटा येऊ द्या. आम्ही ते पाच वर्षं केलं. मुलगी छान बोलायला लागली, साध्या शाळेत जायला लागली. आमच्या बोलण्याचं काय झालंय, हे मात्र आमच्या लक्षात आलं नव्हतं.

साडेसहाला पोचलो. हॉटेलच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, सुती साडी, चष्मा कपाळावर. त्यांनी खिडकीजवळचं टेबल दाखवलं. शेजारी एक म्हातारं जोडपं, पलीकडे तीन मैत्रिणी. आम्ही समोरासमोर बसलो आणि बोलायला सुरुवात केली. म्हणजे मुलीबद्दलच. तिनं दूध घेतलं असेल का, मशीनचे जादा सेल कुठल्या खणात आहेत हे ताईंना सांगितलं का. टोमॅटोचं सार आलं. आम्ही दोघंही वऱ्हाडातले, त्यातला गूळ आम्हाला अजून खटकतो, तेही बोलून झालं.

दहा मिनिटांनी मालकीणबाई टेबलापाशी आल्या. शांतपणे म्हणाल्या, “जरा हळू बोलता का? इथं कुणी बहिरं नाही.”

माझा हात वाटीवरच राहिला. आजूबाजूला पाहिलं तर म्हातारे आजोबा आमच्याकडेच बघत होते. आम्ही दोघं टेबलावर वाकून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, शब्द तोडून तोडून, मोठ्यानं बोलत होतो. घरात बोलतो तसंच.

हे माझ्यापेक्षा शांत. त्यांनी बाईंना सांगितलं, की आमच्या मुलीला कमी ऐकू येतं, त्यामुळे आम्हाला तशी सवय झालीय, माफ करा.

बाईंनी हळहळ व्यक्त केली नाही, याचं मला बरं वाटलं. म्हणाल्या, “मला ठाऊक नव्हतं. मग आज तरी घशाला विश्रांती द्या.” आणि भाकरी आणायला आत गेल्या.

मग आम्ही हळू बोलून पाहिलं. सोपं नव्हतं. घरात आम्ही कुजबुजत नाही. तिच्यासमोर हळू बोललो, की आपल्यापासून काही लपवताहेत असं तिला वाटतं, तिचा चेहरा पडतो. त्यामुळे आमच्यात हळू बोलायच्या गोष्टी उरल्याच नव्हत्या. ज्या होत्या, त्या न बोलताच राहून गेल्या होत्या. थोडा वेळ आम्ही नुसतेच जेवलो. वालाचं बिरडं चांगलं होतं.

भाकरी मोडता मोडता हे म्हणाले, “रिपोर्ट आला ना तिचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेलोच नव्हतो.”

मला तो दिवस चांगला आठवत होता. सकाळी नेहमीसारखी अंघोळ करून, बॅग घेऊन हे निघून गेले होते. मी मुलीला मांडीवर घेऊन रडत होते. त्या दिवसाचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता. भांडणात काढायचा नाही, पण विसरायचाही नाही.

“मग कुठं होता?”

“कात्रजला. तळ्याच्या कडेला बसलो होतो. पाच वाजेपर्यंत.”

“दिवसभर?”

“हं.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, की तू रडत होतीस, घरात दोघंही रडत बसलो असतो तर तिच्याकडे कोण बघणार होतं. नंतर सांगू म्हटलं, पण नंतर थेरपी सुरू झाली. एवढं सगळं त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मला पुढं सरकून ऐकावं लागलं.

मी त्यांच्या पानात माझ्या वाटीतलं थोडं बिरडं वाढलं. रडू आलं नाही. इतकी वर्षं मनात एक निगरगट्ट माणूस बॅग घेऊन जिना उतरत होता. त्याच्याबद्दल वाईट वाटलं.

आठला निघालो. सिंहगड रोडला नेहमीसारखी गर्दी होती. घरी मुलगी आत्याबरोबर पत्ते खेळत होती. आम्ही आल्याचं तिनं पाहिलं आणि हातातला डाव संपवला, मगच उठली.

आता दोन-तीन महिन्यांनी आम्ही तिथं जातो. दर वेळी असं काही निघतं असं नाही. मागच्या खेपेला पूर्ण वेळ सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललो. पण हळू बोललो, आणि मला ते पुष्कळ वाटलं.