दुरुस्ती करून जाणारा चोर

ही केस आठवली की अजूनही पेट्रोल आणि माशाच्या तेलाचा मिसळलेला वास नाकात येतो. दरोड्याचे, खुनाचे तपास मी बरेच केले, पण त्यातले कितीतरी आता पुसट झालेत. हा साधा चोरीचा गुन्हा मात्र अजून लख्ख आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी ठाणे शहरात फौजदार होतो. पाऊस ऐन भरात होता आणि झाडं पडल्याचे फोन घेऊन घेऊन ठाणे अंमलदार कंटाळला होता. अशाच एका सकाळी एक तरुण ठेकेदार गोणपाटात काहीतरी जड गुंडाळून आला. रस्त्यात, सोसायट्यांत पडलेली झाडं तोडून उचलून न्यायचा त्याचा धंदा. खोपटला, एस.टी. डेपोच्या मागे, घराला लागूनच त्याचं गोडाऊन होतं. त्याने गोणपाट माझ्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, माझं मशीन चोरीला गेलंय."

"मग हे काय आहे?"

"हेच ते मशीन."

ठाणे अंमलदाराने फोन कानाला तसाच धरून आमच्याकडे पाहिलं.

गोणपाटात पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत होती. परदेशी बनावटीची, जुनी, रंग उडालेली. तेव्हा अशी करवत आपल्याकडे क्वचितच दिसायची आणि तिचे पार्ट तर कुठल्याच दुकानात मिळायचे नाहीत. ठेकेदाराचं म्हणणं असं, की कोणीतरी तिचे चांगले पार्ट काढून नेतो आणि त्याच जागी झिजलेले बसवून ठेवतो. आधी चेन गेली, मग प्लग, आता कार्ब्युरेटर. ऐन हंगामात मशीन मध्येच बंद पडतं आणि लोक शिव्या घालतात.

"संशय कोणावर?"

"ऑपरेटरवर. गोडाऊनची चावी माझ्याकडे आणि त्याच्याकडे. मी माझाच माल कशाला चोरू?"

नोकराने केलेली चोरी म्हणून कलम ३८१ खाली गुन्हा दाखल केला. पंचनामा करून मशीन जप्त झालं आणि मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पडलं. ऑपरेटरला बोलावून घेतलं. चाळिशीचा, कोकणातला, अंगाने सडपातळ माणूस. बरीच वर्षं याच ठेकेदाराकडे कामाला होता. मालकाने त्याला घरी बसवलं होतं आणि रोज चौकीत हजेरी लावायला आम्ही सांगितलं होतं. तो वेळेवर यायचा, बाकावर बसायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. चोरी केलेला माणूस पोलिसांसमोर फार बोलतो किंवा फार रडतो, हे मी तोवर पाहिलं होतं. हा नुसता दुखावलेला दिसत होता.

तपासाला पहिलं वळण दिलं ते चौकीतल्या मांजराने. एरवी ते भिंतीलगत, जेवणाचे डबे ठेवायच्या फळीखाली झोपायचं. मशीन आलं तसं ते मुद्देमालाच्या दारातून हलेना. आमचे म्हातारे हवालदार म्हणाले, "साहेब, याला जबाब द्यायचाय बहुतेक."

मी दार उघडलं. मांजर सरळ त्या करवतीकडे गेलं आणि चेन चाटायला लागलं. मी वाकून वास घेतला. मासळीचा वास होता.

ऑपरेटरला आत घेतलं. मशीन टेबलावर ठेवून त्याला म्हटलं, "हे उघड. तुझं काय आणि परकं काय, ते मला दाखव."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्याच्या हातात पाना दिला होता. हळूहळू एकेक पार्ट काढून त्याने वर्तमानपत्रावर मांडला.

"ही चेन माझी नाही, साहेब. मी दात्यांना कानस मारतो ती आतून बाहेर. ही उलटी मारलीय. डावखुऱ्या माणसाचा हात दिसतो. आणि हा वास तर मला कधीपासून येतोय. मला वाटायचं, शेजारच्या बोळातल्या मासळीचा असेल."

"आणि प्लग?"

"झिजलेला आहे, पण घासून पुसून बसवलाय. कार्ब्युरेटर खारवलाय, बघा, ही पांढरी पूड. खाऱ्या हवेत राहिलेला आहे." मग त्याने सुरू करायची दोरी ओढून पाहिली आणि थांबला. "ही दोरी पण बदललीय. पण माझी तुटायला आली होती. ही मजबूत आहे. जाळ्याची नायलॉन दोरी."

मी खुर्चीत मागे टेकून बसलो. पार्ट विकणारा चोर मशीनच उचलून नेतो. तो झिजलेला पार्ट पुसून बसवत नाही, तुटायला आलेली दोरी बदलत तर मुळीच नाही. ज्याने हे केलं त्याला हे मशीन बंद पडायला नको होतं. आणि त्याच्याकडे, किंवा त्याच्या ओळखीच्या कोणाकडे, खाडीकाठी अगदी अशीच दुसरी करवत होती.

ऑपरेटरला मी त्या दिवशी चहा पाजला. सुटलास म्हणून सांगणं माझ्या अधिकारात नव्हतं, पण तो जाताना थोडा ताठ चालला.

पुढचं काम सोपं होतं. अशा मशीनचे पार्ट भंगारातच मिळतात, म्हणून माजिवड्यापासून खाडीपर्यंतच्या सगळ्या भंगारवाल्यांना निरोप दिला, की असा पार्ट शोधत कोणी आलं तर चौकीत कळवा. थोड्याच दिवसांत माजिवड्याच्या एका भंगारवाल्याचा निरोप आला. सायकलवरून एक आजोबा कार्ब्युरेटर शोधत आले होते आणि गुरुवारी परत येणार होते.

गुरुवारी मी साध्या कपड्यांत त्या दुकानात, गंजलेल्या फ्रीजवर चहा घेत बसलो. आजोबा आले. धोतर, टोपी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला नमुना काढला आणि डाव्या हाताने ढिगातला एकेक तुकडा उचलून त्याच्याशी ताडून पाहू लागले. चेहऱ्यावर असा आनंद, की जत्रेतच आलेत.

"आजोबा, काय शोधताय?"

"जुन्या मशीनचा जुना तुकडा. नवीन काय, कोणीही विकत घेईल. हे शोधण्यात मजा आहे."

"राहायला कुठे?"

त्यांनी खोपटचा पत्ता सांगितला. तो ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. ते ठेकेदाराच्या गोडाऊनला लागून असलेलं घर होतं. हे त्याचे वडील.

मी ओळख सांगितली. ते घाबरले नाहीत, उलट खूश झाले. "बरं झालं भेटलात. चला, तुम्हाला दाखवतो." वाटेत त्यांनी सगळं सांगून टाकलं. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. फार वर्षांपूर्वी ते आणि त्यांचा एक मित्र जुन्या जहाजांच्या भंगारातून एकाच बनावटीच्या दोन करवती घेऊन आले होते. मित्र कोलशेतच्या खाडीवरचा कोळी, होड्या बांधणारा नाखवा. तात्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलाने त्यांना मशीनला हात लावायला बंदी केली होती. "आता आराम करा, म्हणतो. आराम करून माणूस गंजतो, साहेब." यंदा नाखव्याची करवत दगा देऊ लागली आणि होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरवायची होती. मग मुलगा बाहेर गेला की तात्या खुंटीवरची चावी घ्यायचे, चांगला पार्ट नाखव्याला आणि त्याचा झिजलेला पार्ट इकडे. वर झिजलेल्याच्या बदल्यात चांगला शोधत, नाखव्याच्या मशीनमधला पार्ट नमुन्याला घेऊन, ते भंगार पालथं घालत होते.

खाडीवर ताडपत्रीखाली अर्धी होडी उभी होती. नाखवा करवतीच्या चेनला तेल पाजत बसला होता, तेच माशाचं तेल, जे होडीच्या लाकडाला लावतात. मला पाहून तो उठला.

"साहेब, याची काय चूक नाय. होरी माजी, मशीन माजी, हट माजा."

"अरे, चूक कसली?" तात्या हसत म्हणाले. "घरचाच माल. थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे."

"तात्या," मी म्हटलं, "तुमच्या ऑपरेटरवर चोरीचा गुन्हा दाखल झालाय. तुमच्या मुलाने तक्रार दिली. तो माणूस रोज चौकीत हजेरी लावतोय."

त्यांचं हसू तिथेच थांबलं. "मला मुलाने सांगितलं, तो गावी गेलाय. मशीन दुरुस्तीला दिलंय."  त्यांनी टोपी नीट केली. "चला साहेब. आधी त्याच्या घरी."

डेपोजवळच्या चाळीत ऑपरेटरच्या खोलीच्या दारात तात्या उभे राहिले. आत जायला त्यांनी नकार दिला. "मी केलंय ते, बाबा. तू भोगतोयस. माझ्या मुलाच्या वतीने नाही, माझ्या वतीने माफी मागतो." ऑपरेटरची बायको पदर तोंडाला लावून रडली. तो स्वतः खाली वाकून तात्यांच्या पाया पडायला लागला, तर तात्यांनी त्याला मध्येच धरलं.

संध्याकाळी चौकीत ठेकेदार आला, तेव्हा ऑपरेटर हजेरीला बाकावर बसला होता. वडिलांना माझ्यासमोर खुर्चीत पाहून आणि त्यांच्या तोंडून सगळं ऐकून त्याचा चेहरा पडला.

"साहेब, तक्रार मागे घेतो."

"गुन्हा नोंदवलाय. तो उसनी आणलेली शिडी नाही, परत द्यायला."

तो वडिलांकडे वळला. "मला सांगितलं का नाही?"

"तू हात लावू दिला असतास?" तात्या म्हणाले. "आणि त्याच्यावर बोट दाखवण्याआधी मला विचारलंस?"

 मग ठेकेदार बाकाकडे गेला, ऑपरेटरच्या शेजारी बसला आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. मी मुद्दाम ऐकलं नाही.

गैरसमजातून तक्रार झाली, असं लिहून मी कोर्टात सी समरीचा, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा, अहवाल पाठवला. न्यायाधीशांनी तो वाचताना चष्मा दोनदा पुसला, असं कोर्टातला शिपाई सांगत होता. मशीन परत मिळालं. ऑपरेटर कामावर यायला तयार होता, पण एका अटीवर. "तात्यांना गोडाऊनमध्ये एक टेबल द्या. दिवसा, उजेडात, सगळ्यांसमोर त्यांनी काम करावं. मला मदत लागते." मालकाने टेबल स्वतः बनवून घेतलं, वर मोठा दिवाही लावला. दोन्ही करवतींचे पार्ट मग त्या टेबलावरूनच इकडून तिकडे गेले.

नारळी पौर्णिमेला मला बोलावणं होतं. ड्युटीमुळे उशीर झाला, पण होडी उतरताना पोहोचलो. नाखवा पुढे ओरडत होता, तात्या काठावरून सूचना देत होते आणि इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत चिखलात बुडवून तो ठेकेदार आणि त्याचा ऑपरेटर एकाच बाजूने खांदा लावून होडी ढकलत होते.

पुढे चोरीच्या पंचनाम्याला गेलो, की काय गेलं हे लिहून झाल्यावर मी तिथेच थोडा वेळ थांबायचो आणि चोराने काय ठेवलं ते पाहायचो. माझ्या हाताखालचे नवे फौजदार हसायचे. पण जे मागे राहतं त्यात माणूस दिसतो, हे मला त्या केसने शिकवलं. आणि दुसरी गोष्ट शिकवली ती घरांबद्दल. तिथे मालक, तात्या आणि ऑपरेटर, तिघेही त्या मशीनला जपत होते, फक्त एकमेकांशी बोलत नव्हते. अशा ठिकाणी पोलिसांचं निम्मं काम कलम लावण्याचं नसतं. तिघांना एका खोलीत बसवून दार लावून घ्यायचं असतं.