नोरा मॅडमच्या आईचं घर

हे बघा, हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. जाऊ दे, तुम्ही हसणारच. पण निदान चहा तरी खाली ठेवा, नाहीतर ठसका तुम्हाला लागेल आणि नाव माझं होईल.

मी दोह्याला सुतारकी करत होतो तेव्हाची गोष्ट. सत्तरचं दशक संपत आलेलं. मदिनत खलीफा म्हणून नवी वस्ती होत होती, तिथं नवे नवे व्हिला उठत होते आणि त्यांतली निम्मी कपाटं या दोन हातांनी बसवलेली. खोटं वाटतं? एकाचाही खण अडकत असेल ना, तर नाव बदलून ठेवीन.

आमच्या कंपनीत एक आयरिश इंजिनिअर साहेब होते. त्यांच्या घरी मी सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, किरकोळ कामाला जायचो. पडद्याचा दांडा लाव, शेल्फ ठोक, असलं काहीबाही. साहेबांच्या बायकोचं नाव नोरा मॅडम. स्वभावानं लोणी! मला 'मिस्टर दत्तू' म्हणायच्या. अहो, आमच्या सात पिढ्यांत कुणाला कुणी मिस्टर म्हटलेलं नव्हतं. गावाकडं वडलांना लोक 'ए सुतारा' म्हणायचे.

एक दिवस मॅडमनी मला एक जुना फोटो दाखवला. काय सांगू! तीन मजली दगडी घर, दारात हे जाडजूड खांब, वर चढायला रुंद पायऱ्या, आणि खिडक्या तरी किती? मोजायला लागलो आणि पंचविसाला दमलो.

"मिस्टर दत्तू, हे माझ्या आईचं घर," मॅडम म्हणाल्या. "आता नाहीये. आधी छप्पर काढलं, मग सगळंच पाडलं. आई चौदा वर्षांची असल्यापासून तिथं होती. आता तिचे डोळे गेलेत. पण दिवसभर त्याच घराबद्दल बोलत असते. तुम्ही ते लाकडाचं, छोटं, टेबलावर मावेल एवढं करून द्याल? म्हणजे ती हातांनी बघेल."

एवढं बोलल्या आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला गलबलून आलं. म्हटलं, "मॅडम, नो टेन्शन. इन्शाल्ला, फर्स्ट क्लास करतो."

त्यांनी हातानं काढलेला एक नकाशा दिला आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसल्या. महिन्याभरानं येणार होत्या, आईला बरोबर घेऊन. म्हणजे महिनाभर मला विचारायला कुणी नाही आणि टोकायलाही कुणी नाही. इथंच सगळा घोळ झाला बघा.

खोलीवर आलो आणि इब्राहिमभाईला फोटो दाखवला. इब्राहिमभाई आमचा रूम पार्टनर, रत्नागिरीकडचा, कंपनीचा ड्रायव्हर. त्यानं फोटो उजेडात धरला आणि डोळेच विस्फारले.

"अरे दत्तू, हा तर महाल! मॅडम राजघराण्यातली दिसते."

"मला पण तोच डाउट आला."

"डाउट कसला? आयशीचा महाल असला, तर आयशी कोण? राणी! आणि तू राणीच्या मुलीच्या घरी पडदे लावतोस. नशीबवान आहेस बाबा."

झालं! दोन दिवसांत सगळ्या क्वार्टरमध्ये बातमी. दत्तू मेस्त्री आयर्लंडच्या राणीचा महाल करतोय. लोक येऊन लाकूड बघून जायला लागले. मीही काय, छाती फुगवून सांगायचो, "फार साधी माणसं हो. अजिबात गर्व नाही."

आता तो नकाशा ऐका. वरचे तिन्ही मजले म्हणजे नुसते चौकोन. बैठकीच्या खोलीत काय होतं, जेवायच्या दालनात काय होतं, काही नाही. कोरं करकरीत! फक्त प्रत्येक खोलीत एक चूल काढलेली. हो, प्रत्येक खोलीत. झोपायच्या खोलीत पण! आणि खाली तळघर. तिथं मात्र पेन्सिलीनं नुसती मुंग्यांची रांग लावली होती. भांडी घासायची मोरी, कोळशाची खोली, कपडे धुवायची खोली, दुधाची खोली. नुसते बूट पुसायला एक वेगळी खोली! वर भिंतीवर सात घंटा. शिवाय एक लांबलचक बोगदा, परसातून थेट घोड्यांच्या पागेपर्यंत. कुठली खुंटी कुठं, कुठली पायरी मोडकी, तेसुद्धा लिहिलेलं.

तुम्ही असता तर काय समजला असता? शहाण्या माणसाला तिथल्या तिथं कळलं असतं. मी शहाणा नव्हतो, मी कलाकार होतो.

मी म्हटलं, वरचे मजले मॅडमनी कोरे ठेवले ते माझ्यावर विश्वास म्हणून. कलाकाराला मोकळीक दिली. मग काय, सुटलो! बैठकीच्या खोलीत दोन सिंहासनं केली. मण्यांचं झुंबर केलं. आणि एवढ्या मोठ्या घरात झोपाळा नाही असं कसं चालेल? पितळी कड्यांचा झोपाळा टांगला, एका बोटानं हलायचा. दरवाजावर नगारखाना पण करणार होतो, पण प्लायवूड संपलं.

राहिलं तळघर. इब्राहिमभाई चहा घेत बसला होता.

"हे खाली काय रे?"

"स्वयंपाकघर, मोरी, कोळसा."

"वेडा की काय? राणीला मोरी दाखवतोस? आपल्याकडं पाहुणा आला, तर आपण त्याला मोरी दाखवतो काय?"

बोलणं रास्त होतं हो! आपण पाहुण्याला ओटीवर बसवतो, माजघरापर्यंत नेतो. पण मोरी? कुणी तरी दाखवतं का? शिवाय प्रत्येक खोलीत चूल आहेच, मग खाली आणखी स्वयंपाकघर कशाला? आणि दोह्यात तळघर कुणी खणतं का? दोन हात खणलं की खारं पाणी! मॅडमनी चुकून कच्चा नकाशा दिला असणार असं मी ठरवलं. तळघर खलास केलं आणि महाल सपाट चौथऱ्यावर बसवला. असा रुबाबदार दिसायला लागला, की मीच त्याच्याकडं बघत बसायचो.

महिन्यानं मॅडम आल्या. शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. इब्राहिमभाईनं अत्तर लावलं, कारण तोही राणी बघायला येणार होता. दोघांनी महाल चादरीखाली झाकून, गाडीतून अंड्यासारखा जपत नेला.

आत म्हातारी खुर्चीत बसली होती. बारकीशी, पांढरे केस, गुडघ्यावर शाल. मी पुढं झालो आणि तीन वेळा वाकून मुजरा केला. तिसरा मुजरा झाल्यावर आठवलं, हिला दिसत नाही! पण मॅडमना दिसत होतं. त्या आपल्या बघतायत, याला एकाएकी काय झालं.

चादर काढली. म्हातारीनं हात पुढं केले. आणि खरं सांगतो, ते हात बघून चादर माझ्या हातातच राहिली. सुजलेली पेरं, जाड कातडी, नखं घासून झिजलेली. माझ्या आईचे हात असेच होते. राणीचे हात असे?

बोटं खांबांवरून गेली. पायऱ्यांवरून, खिडक्यांवरून. म्हातारी हसली. मग बोटं आत गेली आणि झोपाळ्याला लागली.

"हे काय?" म्हातारीनं विचारलं.

"स्विंग, मॅडम."

"ड्रॉइंगरूममध्ये?"

"रॉयल फॅमिली, मॅडम," मी म्हटलं.

नोरा मॅडमनी चमकून माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात म्हातारीची बोटं खाली आली. चौथऱ्याच्या कडेकडेनं फिरली. एकदा, दोनदा, मागच्या बाजूनं पुन्हा एकदा. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. काहीतरी पुटपुटली. तसलं पुटपुटतं इंग्रजी मला समजेना, म्हणून मॅडमनी सावकाश सांगितलं.

"आई विचारतेय, माझं स्वयंपाकघर कुठंय?"

मी म्हटलं, "मॅडम, क्वीन कशाला किचनमध्ये जाईल?"

"क्वीन? मिस्टर दत्तू, आई त्या घरात कामाला होती. चौदाव्या वर्षी भांडी घासायला लागली, मग तिथंच स्वयंपाकीण झाली. तीस वर्षं ती खालीच होती. वरच्या खोल्या तिनं कधी धड बघितल्याही नाहीत. तिनं सांगितलं तेवढंच मी काढलं, म्हणून तर नकाशात त्या कोऱ्या होत्या."

अहो, धरणी दुभंगावी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं! इब्राहिमभाई तर असा हळूच भिंतीला टेकला, जणू मला ओळखतच नाही. माणूस आयुष्यभर जिथं राबला, तेवढीच जागा मी करवतीनं कापून टाकली होती. आणि तीही मान राखायला!

मी म्हटलं, "सॉरी, मॅडम. व्हेरी बिग सॉरी." डोळ्यांत पाणी आलं, आता लपवून काय करू?

म्हातारीनं चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. मग बोट परत झोपाळ्यावर ठेवून हलवला आणि मुलीला काहीतरी सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "आई म्हणतेय, रडायचं कशाला? तीस वर्षांत आज पहिल्यांदा ड्रॉइंगरूममध्ये बसायला मिळालं. जरा बसू दे. मग खाली जाऊ."

पुढचा आठवडा मी साहेबांच्या परवानगीनं त्यांच्याच घरी काम केलं. महाल उचलला आणि खाली तळघर घातलं. म्हातारी शेजारी खुर्चीत बसून सांगायची, मॅडम समजावायच्या, मी कापायचो. मोरी इकडं, कोळसा तिकडं, भांड्यांची फळी तिथं तिच्या कानाला लागायची, त्या हिशेबानं. शेगडीच्या मागं ऊब असायची, तिथं ती पहिलं वर्षभर झोपली होती. म्हणून मी तिथं आगपेटीएवढा बिछाना केला. खोल्याखोल्यांतल्या चुली म्हणजे थंडीत शेकायच्या शेकोट्या, त्यांचा कोळसा खालूनच वर जायचा, हे कळलं; आणि बोगदा कशासाठी, तेही कळलं. नोकर बागेतून ये-जा करताना मालकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून! मी म्हटलं, "मॅडम, हे फार वाईट." म्हातारी म्हणाली, "छे रे, पाऊस लागायचा नाही."

घंटांसाठी मी बाजारातून सात पितळी घुंगरं आणली आणि वरच्या खोल्यांतून त्यांना दोरे ओढले. शेवटच्या दिवशी ड्रॉइंगरूमचा दोरा ओढून दाखवला. टिंग!

आणि काय सांगू, म्हातारी खुर्चीतून अर्धी उठली! दोन्ही हात कमरेला पुसत, 'आले, आले' करत. मग भान आलं आणि मटकन खाली बसली. मॅडम तिच्या गळ्यात पडल्या. दोघी हसत होत्या की रडत होत्या, कोण जाणे. मी आपला पटाशीला धार नसताना धार लावत बसलो.

काम झालं. अवजारं गोळा केली, नमस्कार केला आणि निघालो. चार पावलं गेलो असेन, तोच म्हातारीनं मान वळवून कान दिला.

"नोरा, हा कुठल्या दारानं चाललाय?"

"मागच्या, आई. तो नेहमी मागूनच जातो."

"का? पुढचं बंद असतं?"

"नाही गं. मी त्याला कितीदा सांगितलं, पुढून ये."

मी म्हटलं, "हॅबिट, मॅडम."

म्हातारी जी हसायला लागली, ती थांबेचना. म्हणाली, "अगं, हा तर आमच्यातलाच! आणि यानंच आम्हाला गाळलं?"

तिचं खरंच होतं. मालक लोक विसरले तर समजू शकतो. पण ज्याचा जन्म मागच्या दारानं ये-जा करण्यात गेला, त्यानंच दुसऱ्याचं मागचं दार कापून टाकावं?

मॅडमनी मला धरून पुढच्या दारापाशी नेलं. म्हणाल्या, "आज इथून." मी मूठ धरली आणि ढकललं. उघडेना. खांदा लावला. तरी उघडेना. सुतार असून घामाघूम झालो. शेवटी आतून म्हातारीनं हाक दिली,

"ओढ रे बाबा, ढकलतोस काय! ते आत उघडतं!"

येऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते त्या आंधळ्या म्हातारीला, तिला ठाऊक होतं. आणि मी चार वर्षं त्या घरात खपत होतो!