शनिवारची पावडर

दत्तप्रसाद वालावलकरानं उभ्या आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही. लहानपणी दिवाळीत साधा लवंगी फटाका लावायचा तरी उदबत्ती लांब धरून, तोंड फिरवून, आणि वात पेटायच्या आधीच धूम ठोकायची. असा हा भित्रा माणूस. पण शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमधल्या त्याच्या फ्लॅटवर जाऊन पिस्तुलाच्या गोळ्यांत भरायच्या पावडरीबद्दल विचारा, तुम्हाला चहा प्यायचीसुद्धा उसंत देणार नाही. कुठली भर्रकन जळते, कुठली दमानं, कुठली मापातून सरळ पडते, कुठली नळी काळीकुट्ट करते. तुम्ही विचारायची खोटी.

हे खूळ आलं फोनमुळे.

बायको, साधना, होती तोवर अमेरिकेतल्या मुलाशी बोलायचं खातं तिच्याकडे होतं. ती वरदशी मनसोक्त बोलायची, सूनबाईशी, आभाशी, बोलायची, आणि शेवटी "घे, बाबांशी बोल" म्हणून फोन याच्या हातात द्यायची. मग हा म्हणणार, "काय रे, बरा आहेस ना? ऑफिस? बरं, ठेवतो." झालं बापाचं बोलणं! बापाला एवढंच पुरतं असं सगळ्यांना वाटायचं, त्याला स्वतःलाही.

साधना गेली आणि तो फोन थेट याच्या अंगावर आला. शनिवारी संध्याकाळी, टेक्सासात सकाळ झाली की वरद फोन करायचा. करायचा बिचारा न चुकता. पण बोलायचं काय? इकडे ऊन, तिकडे ऊन. दोन्हीकडे भट्टीच पेटलेली, त्यावर किती बोलणार? "जेवलास?" "येस बाबा." "आभा बरी आहे?" "शी इज फाइन." मग दोघंही पुढचा प्रश्न शोधत बसायचे. फोन दर शनिवारी थोडा थोडा आखूड होत चालला होता. एखाद्या शनिवारी तो येणारच नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि तो आला नाही तर आठवडाभरात त्याला बाबा म्हणून हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं.

अशात एका शनिवारी फोनमधून खटक खटक आवाज आला.

"काय रे वाजतंय?"

"रीलोडिंग करतोय, बाबा."

वरद तिकडे नेमबाजीच्या क्लबात जायचा. उडवलेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरी आणायच्या, आणि गॅरेजमधल्या दांड्याच्या मशीनवर, त्याला प्रेस म्हणतात, त्यांत नवी पावडर, नवी गोळी बसवायची, असा तो उद्योग. तिकडे कायद्यात बसतं. इकडे घरात चिमूटभर जरी सापडली तरी खलास. दत्तप्रसादच्या मनात आलं, काय हे भलतंच! पण तोंडातून निघाला खरेदी खात्यातल्या माणसाचा प्रश्न. "कुठली पावडर घ्यायची हे कसं ठरवतोस रे?"

आणि पोरगं जे सुटलं! चहा गार झाला, खालच्या मशिदीत बांग होऊन गेली, तरी वरद आपला बोलतोय. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून तिला लवकर जळणारी पावडर हवी. रायफलची वेगळी, ती हिच्यात चालत नाही. दिसायला सगळ्या सारख्याच करड्या, म्हणून एकाचं झाकण उघडं असताना दुसरी टेबलावर ठेवायची नाही. कंपनीचं पुस्तक म्हणेल तेवढंच माप, इंटरनेटवरच्या शहाण्यांचं ऐकायचं नाही. फोन ठेवला तेव्हा दत्तप्रसादचा कान तापला होता. तो एकटाच हसत कितीतरी वेळ सोफ्यावर बसून राहिला.

तिथून हा माणूस अभ्यासाला लागला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तो परचेस मॅनेजर. माल शोधणं, तोलणं, घासाघीस करणं यातच जन्म गेलेला. लंच अवरमध्ये तो पावडरींचे तक्ते उघडून बसायचा. एकदा गोदामाचा जहूर मागे येऊन उभा राहिला आणि स्क्रीन बघून म्हणाला, "दत्तासाब, यह क्या देख रहे हो? नौकरी से जी भर गया, या जेल जाने का शौक है?" दत्तप्रसादनं घाबरून लॅपटॉपच मिटला. दुसऱ्या दिवशी परत उघडला.

शनिवारी आता बापलेकांत चक्क वाद रंगायचे. वरदला जड, बारीक दाण्यांची पावडर आवडायची, थोडक्यात काम भागवणारी. दत्तप्रसाद फुललेल्या, जागा खाणाऱ्या पावडरीच्या बाजूचा. "अरे, चुकून दोनदा माप पडलं तर ती पुंगळीबाहेर सांडेल, दिसेल तरी! तुझी ती दुप्पट पडली तरी आत गपगुमान बसेल. मग पिस्तूल फुटेल आणि हात जाईल."

"बाबा, आय चेक एव्हरी सिंगल वन."

"चेक करतोस, ठाऊक आहे मला. शाळेत गणिताचा पेपरही चेक करून द्यायचास."

वरद खळखळून हसला. ते हसू दत्तप्रसादला पुढच्या शनिवारपर्यंत पुरलं.

मग तिकडे पावडरीचा तुटवडा पडला. दुकानांत फळ्या रिकाम्या, साइटवर माल आला की बघता बघता गायब. एकदा वरद सहज बोलून गेला, "ती तुझी फुललेली पावडर ट्राय केली असती, पण कुठे मिळतच नाही." सहजच म्हणाला हो! पण इकडे बापाचं टाळकं फिरलं. अमेरिका झोपलेली असते तेव्हा इथे ऑफिस भरलेलं असतं. महिनाभर तो एकीकडे कागदाच्या रिळांचे भाव बघत होता आणि दुसरीकडे टेक्सासातली दुकानं. एका सकाळी सापडली! तीच कंपनी, तोच डबा. वरदचा वाढदिवस तोंडावर आलेला. त्यानं कार्ड काढलं, वरद-आभाच्या घराचा पत्ता घातला, आणि वाढदिवसालाच कळू दे म्हणून वरदला काही बोलला नाही.

फोन नंबराच्या रकान्यात मात्र त्यानं स्वतःचा शारजाचा नंबर घातला. इतकी वर्षं गल्फमध्ये काढलेला माणूस, दुसरं काय करणार? इथे पत्त्याला विचारतो कोण? डिलिव्हरीवाला फोन करतो, कुठल्या सुपरमार्केटच्या मागे म्हणून विचारतो, आणि आपण त्याला फोनवरून दारापर्यंत आणतो. अमेरिकेतल्या डिलिव्हरीवाल्यालाही तो असाच आणणार होता, म्हणे!

फोन आला तो बुधवारी, कारखान्यातून घरी येताना, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी ठप्प उभी असताना. त्या दुकानातली एक बाई होती. फार नम्रपणे बोलत होती. हा माल सही घेतल्याशिवाय देता येत नाही, म्हणाली. दारात एक मॅडम आल्या होत्या, त्यांनी नाकारला. मिस्टर वरद एप्रिलपासून इथे राहत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. दुसरा पत्ता आहे का, सर?

"नो," दत्तप्रसाद म्हणाला. "सॉरी. आय डोंट हॅव."

मागचा गाडीवाला हॉर्न मारत सुटला होता.

एप्रिल! एप्रिलनंतर अख्खा उन्हाळा गेला होता. त्या उन्हाळ्यात वरदनं गॅरेज किती तापतं ते सांगितलं होतं, नवा तराजू घेतल्याचं सांगितलं होतं, आभानं मशीनवर रुमाल वाळत घातला म्हणून हसवलं होतं. व्हिडिओ तेवढा लावत नव्हता, नेट स्लो आहे म्हणायचा. दत्तप्रसादला आधी राग आला. बापाला बनवतोस? मग रागाची जागा भीतीनं घेतली. पोर कुठे राहतंय? जेवतंय काय? आभाला फोन लावावा म्हणून त्यानं नंबर काढला आणि परत ठेवून दिला. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिची त्याला लाज वाटत होती. विचारलं, आणि वरदनं फोन करणंच सोडलं तर? गप्प बसलं तर निदान शनिवार तरी राहील. तो मनात म्हणाला, राहू दे, कळलंच नाही असं समजू. गुरुवार, शुक्रवार तो हेच घोकत राहिला.

शनिवारी फोन आला.

"बाबा, काल गॅरेजमध्ये थोड्या भरल्या. तू म्हणतोस ते बरोबर आहे, त्या बारीक पावडरीत..."

"वरद," दत्तप्रसाद म्हणाला. गप्प बसायचं घोकलेलं, पण ते नसलेलं गॅरेज त्याला ऐकवेना. "तुझ्या वाढदिवसाला पावडर पाठवली होती मी. ती परत गेली रे."

फोन कटला की काय, म्हणून त्यानं स्क्रीन बघितला. नव्हता कटला.

"आभानं घेतली नाही?"

"नाही."

"आय सोल्ड द प्रेस, बाबा. मेमध्येच. मी एका रूमवर राहतो. इथे असलं काही ठेवता येत नाही."

"मग इतके दिवस मला हे कशाला सांगत बसलास?"

"तू इतका खूश असायचास. फोन उचलतानाच तुझा आवाज वेगळा लागायचा." वरद म्हणाला. "आणि ते नसतं तर आपण बोललो काय असतो?"

दत्तप्रसादला रडू फुटलं. साधना गेली तेव्हा पाहुण्यांसमोर आवरलेलं, ते आता फुटलं. "मला कसली रे पावडर! मला फटाक्याची भीती वाटते. तू बोलावंस म्हणून वाचत होतो मी सगळं. फार एकटं वाटतं रे इथे."

"मला पण," वरद म्हणाला. मराठीत म्हणाला.

मग आभाचं काय झालं, कसं झालं, ते त्यानं तुटक तुटक सांगितलं. सांगून संपल्यावर दत्तप्रसादनं विचारलं, "मी येऊ?"

"रूम छोटी आहे, बाबा. बेड एकच आहे."

"मी खाली झोपीन. मला सवय आहे."

सवय कसली, डोंबलाची! गुडघ्यांपायी त्याला साधी मांडी घालता येत नव्हती, आणि हे वरदला पक्कं ठाऊक होतं. पण वरद 'कशाला' म्हणाला नाही, 'बघू' म्हणाला नाही.

"ये," म्हणाला.