मास्तरांच्या कोटाच्या उघड्या शिवणी

कपडे शिवणाऱ्या काकूंना सगळी गल्ली ‘उद्याकाकू’ म्हणायची. कधीही विचारा, "झालं का हो?" उत्तर ठरलेलं, "उद्या!" पण लोक तरी जाणार कुठे? काकूंच्या हाताला तोड नव्हती. तोंडाला तर त्याहून नव्हती!

इंग्रजीचे मास्तर तीन महिने अंथरुणाला खिळून नुकते उठले होते. शाळा त्यांना परत घेणार की नाही, ते गुरुवारी चार वाजता ठरायचं होतं. जुने कपडे अंगावर लोंबत होते, म्हणून त्यांनी नवा कोट शिवायला टाकला. काकूंनी सोमवार कबूल केला होता. गुरुवारी सकाळी मास्तर येऊन बघतात तर काय, बाह्या, कॉलर, खिसे तयार आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी सताड उघड्या!

मास्तरांचा पारा चढला. "काकू, ऑन टाइम म्हणजे ठरल्या वेळेला. इन टाइम म्हणजे वेळ हातची जायच्या आत. पहिलं तर बोंबललंच, आता दुसरंही जाणार! अहो, माझी नोकरी जाईल!"

"ओरडून झालं असेल तर हात वर करा," टेप उचलत काकू म्हणाल्या.

छाती दोन इंच वाढली होती, कंबर दीड. दुखण्यातून उठलेला माणूस दिसागणिक भरत जातो, म्हणून त्याच्या कपड्याच्या बाजू काकू शेवटच्या दिवशीच शिवत. एकदा अशाच आजारातून उठलेल्या स्वतःच्या भावाचा सदरा आठ दिवस आधी शिवला, तर ऐन वेळी बटण लागेना. मास्तरांना त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बापडे रोज टेप घेऊन आरशापुढे उभे राहिले असते.

पण शिवण चुकली तर एका माणसाची भाकरी जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जेवणसुद्धा न करता त्यांनी मशीन चालवलं.

तीन वाजता मास्तरांनी कोट चढवला. बटणं अलगद लागली. खांदे चपखल बसले. काकूंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी सकाळपासून तसाच पडलेला जेवणाचा डबा पुढे ओढला.

मास्तर आरशासमोरून हलेनात. मग हळूच म्हणाले, "काकू, मी आजारी तर दिसत नाही ना?"

"छे हो! पोट आत घ्या जरा."