पूजेला कोण बसणार

म्युनिकमधल्या मराठी घरांत सत्यनारायण सांगायला एकच गुरुजी होते. आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायचे आणि शनिवारी-रविवारी सोवळं, शंख, पोथी पाठपिशवीत भरून घरोघरी जायचे. तिथल्या मराठी मंडळाच्या ईमेलमध्ये त्यांचा नंबर आणि दक्षिणा दोन्ही असे. माणूस विद्वान, आवाज खणखणीत, आणि परदेशातल्या अडचणी जाणणारा. तुळस नसेल तर इथे मिळणारं तिच्यासारखंच बाझिलिकुम ठेवा, केळीचे खांब नसतील तर कुंडीतली झाडं ठेवा, असं ते आपण होऊन सुचवायचे. ‘देव भावाचा भुकेला’ हे त्यांचं पालुपद. मी म्युनिकजवळ गार्चिंगला पीएचडी करत होतो, तेव्हा त्यांच्या कितीतरी पूजांचा शिरा मी ढवळला आहे.

२००७ साली मी आणि माझ्या जोडीदाराने आमच्या नात्याची सरकारी नोंदणी केली. तो जर्मन, तिथल्याच एका हॉस्पिटलात नर्स. जर्मनीत इतरत्र बहुतेक ठिकाणी आमच्यासारख्या जोडप्यांची नोंदणी लग्नकचेरीत व्हायची. म्युनिक ज्या राज्यात येतं, त्या बायर्नच्या सरकारला ते रुचत नव्हतं, म्हणून आम्हाला नोटारकडे, म्हणजे नोटरीकडे, जावं लागलं. तिथे घरांची खरेदीखतं होतात. नोटारने सगळा मजकूर एका सुरात, न थांबता वाचला, आम्ही सह्या केल्या. बाहेर आल्यावर जोडीदाराचे डोळे भरून आले, पण आनंदाने नव्हे. मला तर नुसता संताप आला होता.

आई साताऱ्याला, बाबा गेल्यापासून एकटी. तिला फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस तिचाच फोन आला. “मला त्या सह्याबिह्या कळत नाहीत. लग्न म्हणतोस ना? मग जोडीने पूजेला बसा. मी येते. डोळ्यांनी बघितलं तर मनाला पटेल.”

म्हणजे आता सगळं त्या पूजेवर आलं. आईला पटलं नसतं तर ती परत गेली असती, आणि पुन्हा कधी आली नसती. तिचा स्वभाव मी ओळखून होतो.

मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते भडकले असते तर मला सोपं गेलं असतं.

“अरे, तू एकटा बस ना,” ते म्हणाले. “मी आनंदाने येतो. तो मित्र म्हणून मागे बसेल.”

“आई जोडीने बसा म्हणतेय, गुरुजी.”

“संकल्पात मी काय म्हणू? सपत्नीक? देवासमोर खोटं बोलणं मला नाही जमणार. राग मानू नकोस.”

“बाझिलिकुमला तुळस म्हणता ते चालतं?”

“ती अडचण असते. ही अडचण नाहीये, हा तुझा निर्णय आहे.”

चहा पुढे आला होता, तो तसाच ठेवून मी उठलो.

जोडीदार माझ्यापेक्षा जास्त चिडला. “तो जाहिरात करतो, पैसे घेतो. आल्झो, म्हणजे हा धंदाच झाला. भेदभावाविरुद्ध आता कायदा झालाय. तक्रार करू.”

“तो धर्मकार्य करतो. दुकानदार नाही.”

“गेनाऊ! अगदी बरोबर! आपल्यासारख्यांना नाकारताना आमचे पाद्रीही हेच म्हणतात.”

आम्ही जेवण गार होईपर्यंत भांडलो. एखाद्या दुकानदाराने मला रवा नाकारला असता तर मी खुशाल कोर्टात गेलो असतो. पण मंत्र? गुरुजींना कायद्याच्या धाकाने पाटावर बसवलं असतं, तर त्या पूजेकडे बघून आईला काय पटणार होतं? आणि तरी जोडीदाराचंही चूक नव्हतं. दरपत्रक सगळ्यांना पाठवायचं आणि दारातून एकालाच परतवून लावायचं, हा कसला न्याय? मी दोन्ही बाजूंनी वैतागलो होतो.

आई आली. गुरुजी नाही म्हणाले, हे तिला सांगावंच लागलं.

“जाणते आहेत रे ते,” एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, संपलं. देवानेच नाही म्हटलं, असं तिने धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती आपणहून बोलायला लागली. “तुझे बाबा गेले, त्याच्या पुढच्याच वर्षी भाचीचं लग्न होतं. तिला मी अंगाखांद्यावर खेळवलेली. हळद लावायला पुढे झाले, तर तिथले गुरुजी म्हणाले, ताई, तुम्ही जरा मागे बसा. अगदी गोड आवाजात. मी बसले. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. मलासुद्धा.”

मला हे माहीतच नव्हतं.

“पोथी आहे ना तुझ्याकडे?” तिने विचारलं. “मी वाचते.”

बाबा गेल्यापासून शुभकार्यात कायम मागे राहिलेली माझी आई त्या संध्याकाळी चष्मा लावून चौरंगाशी बसली. कोणी कुठल्या बाजूला बसायचं, असं मी विचारलं. “बसा कसेही,” ती म्हणाली. ती अडखळत वाचत होती, जोडीदार ‘केशवाय नमः’ जर्मन थाटात म्हणत होता, आणि मला मधेच हसू फुटत होतं. पळीने पाणी सोडायची वेळ आली, तेव्हा तिने त्याचा हात धरून माझ्या हाताला लावला. बायको नवऱ्याच्या हाताला लावते, तसाच.

आरती झाल्यावर तिने शिरा डब्यात भरला. “गुरुजींकडे जाऊन येऊ.”

“कशाला? अपमान करून घ्यायला?”

“प्रसाद पोचवायला. ओळखीत कोणाला वगळायचं नसतं.”

जोडीदाराला घरी ठेवून आम्ही दोघं गेलो. गुरुजींनीच दार उघडलं. “या काकू, आत या.”

“बसत नाही. सत्यनारायण केला, प्रसाद आणलाय.”

त्यांनी लगेच डाव्या हातावर उजवा हात ठेवून पुढे केला. आईने त्यावर शिरा ठेवला.

“सांगितली कोणी पूजा?” त्यांनी विचारलं.

“मीच वाचली पोथी.”

“आणि बसलं कोण?”

त्यांची नजर माझ्यावर होती. आई ‘मुलगा’ म्हणेल आणि विषय मिटवेल, असं मला वाटलं. मी मनातून तयारही होतो.

“माझा मुलगा आणि जावई. जोडीने,” आई म्हणाली.

गुरुजींचा हात तसाच राहिला. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारू नये, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच दर पूजेत बजावलेलं होतं. त्यांनी तो कपाळाला लावला, सगळा खाल्ला आणि हात डोक्यावरून फिरवला. माझं चुकलं, असं ते म्हणाले नाहीत. पुढेही कधी म्हणाले नाहीत.

जिना उतरताना मला रडू आवरेना. आई दोन पायऱ्या पुढे होती. तिने वळून पाहिलं.

“चल लवकर,” ती म्हणाली. “जावई जेवायचे थांबले असतील.”