रेघेवरची जागा

भरधाव लॉरी अंगावर येत असताना तिच्याकडे पाठ फिरवून उभा राहणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. मद्रासचे लॉरी ड्रायव्हर त्यांना ‘मुदुगु अय्या’ म्हणत. तमिळमध्ये मुदुगु म्हणजे पाठ. थोडक्यात, पाठवाले साहेब. ते सरकारी वाहन-तपासनीस होते. लॉरी रस्त्यावर सोडण्यालायक आहे, असा दाखला मालकांना त्यांच्याकडून घ्यावा लागे. ब्रेक तपासायची त्यांची रीत अशी: मैदानात चुन्याची रेघ मारायची, तिच्यावर उभं राहायचं, लॉरीकडे पाठ करायची आणि हात वर करायचा. ड्रायव्हरने पलीकडच्या टोकाहून वेगात यायचं आणि रेघेच्या अलीकडे थांबायचं. ड्रायव्हरच्या शेजारी गाडीचा मालक बसलेला हवा, ही त्यांची अट. त्यांच्या खाकी शर्टाच्या पाठीवर रेडिएटरच्या तांबूस पाण्याचे शिंतोडे कायमचे बसले होते.

हे मैदान टी. नगरच्या कडेला. तिथे पूर्वी मोठं तळं होतं. ते बुजवून वस्ती केली. भर उन्हात धूळ उडत असायची, पण जड लॉरी धावू लागली की जमीन खालून हलायची. कुणीतरी आतून कूस बदलावी तशी. मला ते कधीच आवडलं नाही.

मी तिथे गेलो तो तपासनिसांना उघडं पाडायला. ड्रायव्हर युनियनची पत्रकं मी लिहीत असे, आणि ‘तपासणी की तमाशा?’ हे माझंच पत्रक. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. बहुतेक तपासनीस झाडाखाली खुर्ची टाकून बसत, हॉर्न वाजवायला सांगत आणि सही ठोकत. मरायचे मात्र ड्रायव्हर आणि रस्त्यावरची माणसं.

मुदुगु अय्या तंजावरकडच्या मराठी घरातले. माझं मराठी ऐकून त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं मराठी जुनं, आणि त्याला तमिळचा हेल. मला ते तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत.

“पत्रकं लिहितोस तो तूच काय, तंबी? शिव्या बऱ्या असतात. ये, उभा राहून बघ.”

मी त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहू लागलो.

“तिकडे नको. तिकडे बाई आहेत.”

मी पाहिलं. रेघ होती, ऊन होतं. दुसरं काही नव्हतं. मी मुकाट्याने उजवीकडे गेलो.

पाठीमागून येणाऱ्या लॉरीचा आवाज कानांनी ऐकू येत नाही. तो आधी टाचांत शिरतो. मग मानेवर गरम वाफ येते आणि सगळं एकदम गप्प होतं. मी डोळे उघडले तेव्हा अय्या शांतपणे मालकाला दाखला मिळेल म्हणून सांगत होते.

“पण काका, ब्रेक लागलाच नसता तर?”

“तर गाडी तिकडून हललीच नसती. ब्रेक कसा आहे ते ड्रायव्हरला ठाऊक असतं. त्याचं तोंड मालकाचं, तंबी. पाय त्याचा स्वतःचा.”

आणि तसंच होई. समोर माणसाची पाठ दिसली की खराब गाडीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरे. मालक शिव्या देई. एकदा एक मालक लॉरीच्या नाकावर लिंबू-मिरच्यांच्या माळाच माळा बांधून आला. अय्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, “लिंबं अस्क नवी, ब्रेक अस्क जुने. मुदलाळी, उलटं करून आणा.” अस्क म्हणजे सगळं. मुदलाळी, म्हणजे मालक, लाल झाला. ड्रायव्हर मात्र तोंड फिरवून हसत होता.

डावीकडच्या जागेबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. पूर्वी तेही खुर्चीतूनच सही करत. अशाच एका लॉरीने नुंगंबाक्कमच्या बसथांब्यावर एक बाई आणि तिची लहान मुलगी चिरडली. दोघी बस येते का ते पाहत होत्या. लॉरी मागून आली. “तेव्हापासून उभा राहतो. त्या आधीच येऊन उभ्या असतात,” ते म्हणाले. आज भाजी काय केली हे सांगावं, अशा सुरात.

मी भुताखेतांविरुद्धही पत्रकं लिहिली आहेत. तरी पाहिलं ते लिहितो. दिवसभराच्या तपासणीनंतर अय्यांच्या बुटांखालचा चुना पुसलेला असे. त्यांच्या डावीकडेही तो दोन ठिकाणी पुसलेला असे. एक जागा लहान, दुसरी त्याहून लहान. वारा असेल.

मग मालकांनी तक्रार केली: तपासनिसाला वेड लागलंय, तो मेलेल्यांशी बोलतो. चौकशी बसली. अय्या गेले तर मैदानात पुन्हा खुर्ची येणार, हे सगळ्यांना कळत होतं. मी आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन विनवलं, “काका, तिथे कुणी नाही एवढं म्हणा. एक वाक्य. कितीतरी जीव वाचतील.” ते ताक पीत ऐकत राहिले.

चौकशी अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, “ती तुमची उभं राहायची सवय आहे, असं लिहू का? प्रकरण मिटेल.”

“सवय म्हणू? त्या बाईंना?” अय्या म्हणाले. “एकदा मी खुर्चीत बसून म्हटलं, सगळं ठीक आहे. त्या मेल्या. आता त्या नाहीतच म्हणू? एका माणसाला किती वेळा मारायचं, सार?”

त्यांना घरी पाठवलं. मी संतापलो होतो, खात्यावर आणि त्यांच्यावरही. शेवटच्या दिवशी त्यांनी मैदानात जाऊन रेघ नव्याने मारली, डावीकडे वळून हळूच म्हणाले, “चला, बाई,” आणि फाटकाकडे निघाले. अगदी सावकाश. लहान पावलं बरोबर असली की माणूस चालतो तसे. पण फाटकाशी थांबून त्यांनी मागे रेघेकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली आणि एकटेच, भराभर निघून गेले. पुढे वर्षभरात ते वारले.

नवे तपासनीस खुर्ची घेऊन आले. पहिल्याच सकाळी तो लिंबांच्या माळांचा मुदलाळी गाडी घेऊन हजर झाला. रेघेवर कुणी उभं नव्हतं. खुर्चीतून हात हलला, ड्रायव्हरशेजारी बसलेला मुदलाळी ओरडला, “पो, पो, चल.” गाडी थोडी पुढे आली आणि थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, दार उघडून तो खाली उतरला.

“नोकरी जाईल तुझी,” मुदलाळी म्हणाला. “समोर आहे कोण?”

ड्रायव्हर रेघेकडे बघत होता, अय्यांच्या जागेच्या जरा डावीकडे.

“मुदलाळी, खाली उतरा,” तो म्हणाला. “त्यांनी पाठ केली आहे.”